जुनी पद्मिनी चालती ठेवायची तर: झिजलेल्या भागांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. घरात तिला आजही सगळे 'फियाट'च म्हणतात. गेल्या काही वर्षांत पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी, मुंबईहून वाचकांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे डिलाईट आहे. पद्मिनीचे भाग तिला चालतील का?

बरेचसे चालतात. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाईट बनू लागली. तीच पुढे थोडा काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव). त्यामुळे इंजिन, ब्रेक आणि पुढच्या सस्पेन्शनचं बरंच सामान एकमेकींना लागतं.

फरक पडतो तो दारं, जाळी, दिवे, डॅशबोर्ड आणि वायरिंगमध्ये. जुन्या गाड्यांना डायनॅमो होता, नंतरच्यांना अल्टरनेटर आला. डिझेल पद्मिनीचं इंजिन वेगळं आहे आणि शेवटच्या काळातल्या एस१ चा गिअर जमिनीवर आहे. या दोन गाड्यांसाठी सामान घेताना नुसतं 'पद्मिनीचं द्या' म्हणू नका, जुना भाग सोबत न्या.

२. पैसे मोजकेच आहेत. सुरुवात कुठून करू?

थांबणं, वळणं, मग पळणं. आधी ब्रेक, मग स्टीअरिंग आणि पुढची चाकं, मग टायर, आणि त्यानंतर इंजिन. लोक नेमकं उलट करतात. इंजिनावर सगळी पुंजी ओततात आणि तीस वर्षांच्या ब्रेक पाइपवर घाट उतरतात. इंजिन दमलं तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबेल. ब्रेक गेले तर ती थांबणारच नाही.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. बाजूला चार आकडे कोरलेले असतात: '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण वाळतो. बाजूच्या रबराला बारीक भेगा दिसल्या की नक्षी कितीही नवी असो, तो बदला.

३. भाग मिळतात तरी कुठे? शोरूम तर कधीच बंद झाले.

उत्पादन थांबून दोन तपं उलटली, तरी सामान संपलेलं नाही, कारण इतकी वर्षं मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने हा धंदा जिवंत ठेवला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. मागणी आटली तसं रोज लागणारं सामान दुकानांच्या पुढच्या फळीवरून माळ्यावर गेलं आहे. म्हणून दुकानात 'नाही' ऐकलं तरी लगेच फिरू नका. मालकांना माळ्यावर बघायला सांगा, उद्या येतो म्हणा आणि खरंच जा.

मुंबईत ऑपेरा हाउसची स्पेअर पार्टची दुकानं, कुर्ल्याचा भंगार बाजार आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ. घडवून घ्यायचं असेल तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. जुना नमुना दिला की बुश (पिन किंवा शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी), पिन, स्लीव्ह (आत बसवायचं अस्तर) करून देणारे लेथवाले तिथे आहेत.

आता या पानावरचा मला सगळ्यात उपयोगी वाटणारा सल्ला. बेअरिंग आणि ऑइल सील गाडीच्या नावाने मागू नका, मापाने मागा. जुन्या बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. रॉकेलने धुऊन तो वाचा आणि थेट बेअरिंगच्या दुकानात जा. ऑइल सीलला तीन मापं लागतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ती मिळाली की 'फियाटचं सामान आता येत नाही' हे ऐकायची वेळच येत नाही.

४. दुकानदार म्हणतो 'ओरिजिनलच आहे'. खरं-खोटं कसं ओळखू?

डब्यावर जाऊ नका, भाग मोजा. खिशात व्हर्निअर (जाडी-व्यास मोजायची पट्टी) आणि छोटं लोहचुंबक ठेवा. गनमेटलचा म्हणून दिलेला बुश चुंबकाला चिकटला तर तो लोखंडी आहे आणि वरून मुलामा दिलाय. रबरी भाग दुमडून बघा. दुमडीवर बारीक भेगा उघडल्या तर तो पाकिटातच म्हातारा झाला आहे. वीस वर्षं माळ्यावर पडलेला अस्सल कंपनीचा रबरी कप हा आजच्या साध्या कपापेक्षा वाईट असू शकतो. याउलट लोखंडी भाग (गिअर, शाफ्ट, क्रँक) जुन्या साठ्यातले मिळाले तर डोळे झाकून घ्या. अर्थात मोजून.

आणि नवा भाग बसून निदान हजारभर किलोमीटर चालेपर्यंत जुना टाकू नका. थोडा झिजलेला अस्सल भाग वाईट बनवलेल्या नव्या भागाहून बरा, असं मी दोन टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्यांचे टोकाचे सांधे) आणि एका वॉटर पंपानंतर शिकलो.

५. ब्रेकचं पेडल हळूहळू खाली जातं. मास्टर सिलिंडरची किट बदलली, महिन्याभरात पुन्हा तेच. काय करू?

किट म्हणजे नुसते रबर. रबर ज्या नळीत सरकतं ती नळी खराब असेल तर दर महिन्याला नवं रबर खर्ची पडणार. माझ्या गाडीला हेच झालं होतं. एका गॅरेजने तीनदा किट बदलली. शेवटी मी मास्टर सिलिंडर घरी आणला, स्पिरिटने पुसला आणि करंगळीचं नख आतून हळूच फिरवलं. वरून नळी आरशासारखी दिसत होती. पण पिस्टन जिथे विसावतो तिथे, खालच्या बाजूला, नख एका ठिकाणी अडकलं. मोहरीच्या दाण्याहूनही लहान खड्डा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्या ओलाव्याने गंजाचा खड्डा पडतो. प्रत्येक नवं रबर त्या काठावर कापलं जात होतं.

असा खड्डा घासून काढायच्या भानगडीत पडू नका, नळी मोठी होते आणि रबर सैल पडतं. एक तर सिलिंडर नवा घ्या, नाहीतर लेथवर बोअर करून आत पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह मूळ मापाची बसवून घ्या. मी स्लीव्ह बसवली. त्याला सात वर्षं झाली.

चारही चाकांच्या व्हील सिलिंडरना हीच नखाची परीक्षा द्या. रबरी होज पाइप बाहेरून चांगले दिसले तरी आतून सुजतात. एकच चाक ब्रेक सोडल्यावरही गरम राहत असेल तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या. ब्रेकच्या रबराला पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल लागू देऊ नका, ते फुगतं. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांना मिळून एकच लाइन जात असेल, तर एक ठिकाण गळलं की चारही ब्रेक जातात. म्हणून या कामात 'चालतंय ना' नको.

६. पन्नासच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. मिस्त्री म्हणतो बॉक्स गेला.

स्टीअरिंग बॉक्स बहुतेक वेळा शेवटचा गुन्हेगार असतो. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग बघा. मग पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली हात धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. खुळखुळ थांबली तर व्हील बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं ती उभी पिन). नंतर डावी-उजवीकडून धरून हलवा आणि दुसऱ्याचा हात टाय रॉडच्या सांध्यांवर ठेवा. सैल सांधा बोटाला लगेच कळतो.

किंगपिनचा बुश नुसता ठोकून बसवून चालत नाही. बसवल्यावर त्याला रीमर (भोक नेमक्या मापाचं कातणारं हत्यार) मारून पिनच्या मापाचा करावा लागतो. रीमर न मारता पिन हाणली की स्टीअरिंग जड होतं आणि सहा महिन्यांत पुन्हा ढिलं पडतं.

सगळं ठीक असेल तरच बॉक्सकडे वळा. प्ले (ढिलेपणा) काढायला बॉक्सचा स्क्रू आवळून देणारे मिस्त्री फार. बॉक्स मधल्या जागी सर्वांत जास्त झिजलेला असतो, कडेला कमी. मधला प्ले जाईपर्यंत आवळला तर पूर्ण वळणावर तो जाम होतो, आणि ते धोक्याचं आहे.

पुढच्या सांध्यांना ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. येत नसेल तर निपल चोंदलं आहे. काढून साफ करा, नवं निपल फार तर वडापावच्या किमतीत येतं.

७. स्टीअरिंगवरचा गिअर लोंबकळतो, दुसरा टाकायला गेलं की अडकतो. गिअरबॉक्स खोलू का?

आत्ताच नको. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या लिंकेजचे बुश आणि पिना आधी बदला, मग ॲडजस्टमेंट करा. बहुतेक गाड्या इथेच बऱ्या होतात. गिअर टाकताना करकर येत असेल तर क्लच पूर्ण सुटतोय का ते बघा.

८. निळा धूर येतो. बोअर करायची वेळ आली का?

धूर कधी येतो त्यावर आहे. सकाळी पहिल्यांदा चालू करताना किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा पाय देताना भपकारा येतो आणि मग थांबतो, तर व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) संशय घ्या. चढावर, जोर लागताना सतत येतो, तर पिस्टनच्या रिंग आणि बोअर.

खात्री करायला कॉम्प्रेशन टेस्ट. आधी कोरडी, मग प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा. दुसऱ्यांदा आकडा चांगला चढला तर रिंग गेल्या, न चढल्यास व्हॉल्व्ह. शेजारशेजारच्या दोनच सिलिंडरचा आकडा पडलेला असेल तर हेड गॅस्केट मधून फुटलंय. ही टेस्ट अर्ध्या तासाची आहे. ती न करता इंजिन उतरवायला निघालेल्या मिस्त्रीला हात जोडा.

बोअर करायचंच, म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून थोडे मोठे (ओव्हरसाइज) करायचंच ठरलं तर आधी पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक बोअरिंगला द्या. उलट केलं की ब्लॉक कापून बसतो आणि त्या ओव्हरसाइजचे पिस्टन बाजारात नसतात. एका वाचकाचं इंजिन असंच चौदा महिने लेथवाल्याकडे पडून होतं. शक्य तितक्या छोट्या ओव्हरसाइजवर जा, कारण प्रत्येक वेळी ब्लॉकचं आयुष्यच कापलं जातं. ताकद वाढेल या आशेवर तर मोठं माप मुळीच नको: ०.४० मिमी ओव्हरसाइजने १०८९ चे जेमतेम ११०२ सीसी होतात.

९. गाडी गरम होते. थर्मोस्टॅट काढून टाकला तर?

तापमानाचा काटा खाली येईल, इंजिन मात्र झिजेल. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती नसली की इंजिन पुरेसं तापायला फार वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं आणि बोअर घासत राहतात. जुना अडकला असेल तर नवा आणा. उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघून मगच बसवा.

गरम होण्याचं खरं कारण बरेचदा पाण्यात असतं. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी भरलं की हेडमधले पाण्याचे मार्ग कुरतडले जातात आणि रेडिएटर चोंदतो. गाडी चांगली तापवून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर जपून हात फिरवा. जिथे गार पट्टा लागेल तिथल्या नळ्या बंद आहेत. रेडिएटरचा नवा कोअर (नळ्यांची जाळी) भरून घ्या आणि पुढे फक्त कूलंट वापरा.

एकदा गाडी खरोखर उकळली असेल तर गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे का ते पट्टीने तपासा. ॲल्युमिनियम लवकर वाकतं. नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळा.

१०. घाटात बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू. पेट्रोल पंप बदलला तरी तेच.

उन्हाळ्यात खंबाटकी चढताना ज्याने पंपावर ओलं फडकं टाकलं नाही, त्याने फियाट चालवलीच नाही असं आमचे वडील म्हणत. पंप इंजिनाला चिकटलेला, आतलं पेट्रोल उष्णतेने वाफ होतं आणि पंप नुसता वाफ ढकलत राहतो. तपासायचं तर इंजिन जरा निवू द्या, कॉइलची वायर सोडा, कार्बोरेटरला जाणारा पाइप बाटलीत धरा आणि स्टार्टर मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात यायला हवं. नुसते बुडबुडे आले तर वाफ, काहीच नाही आलं तर डायफ्राम (पंपातला लवचीक पडदा) किंवा टाकीतली जाळी.

पेट्रोल व्यवस्थित येतंय, तरी गाडी चालू होत नाही? मग पंपाचा काही दोष नाही. गरम झाल्यावर कॉइल आणि कंडेन्सर मार खातात. बंद पडल्याबरोबर स्पार्क बघा: निळा, टकटक आवाजाचा हवा. पिवळट आणि बारीक आला तर दोष विजेत आहे. या दोन्ही वस्तू जास्तीच्या डिकीत ठेवा.

११. ई२० पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का?

ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. गाडी पळते, पण रबर सोसत नाही. इथेनॉल जुने होज, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची रबरं मऊ करतं, हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आणतं. म्हणून होज इथेनॉल सोसणारे घ्या, डायफ्राम व्हिटॉनचा मिळाला तर उत्तम, पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावा. सुरुवातीला तो दोन-तीनदा काळा होईल, घाबरू नका. हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ होतं म्हणून गाडी धक्के देत असेल तर मुख्य जेट एक पायरी मोठा करून बघता येतो. महिनाभर उभी राहणार असेल तर प्रश्न १४ बघा.

शिसंयुक्त पेट्रोल देशभर २००० साली बंद झालं, त्याचीही विचारणा होते. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटना शिसं झिजेपासून वाचवायचं. हेड ॲल्युमिनियमचं असल्याने या सीट वेगळ्या बसवलेल्या असतात. पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या बसवा. तेवढ्यासाठी चालतं हेड उतरवू नका. गाडी सीएनजीवर असेल तर मात्र टॅपेटचा गॅप वरचेवर तपासा. तो पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर सीट आत जात आहेत.

१२. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावू का?

रोज चालवत असाल तर लावा, पण जुनी प्लेट, पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडून स्पार्क पाडणारे संपर्क) आणि कंडेन्सर गाडीतच ठेवा. महाडजवळ मॉड्यूल गेलं तर कुठल्याही गॅरेजात पॉइंट बसवता येतात. त्याआधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बाजूला हलवून बघा. शाफ्टचा बुश झिजला असेल तर नवी किटही टायमिंग स्थिर ठेवणार नाही.

१३. खालून थोडा गंज आहे. पत्रा मारून रंग दिला तर चालेल?

या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. दारांखालचे सिल, फ्लोअर, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, जॅक लावायची जागा, हेच तिचा भार पेलतात. तिथला गंज म्हणजे सांगाडा कमजोर.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा ठणकतो, पोकळ थपथपतो आणि पुट्टी मुकी राहते. दुसरी परीक्षा: दार थोडं उघडं ठेवून त्या बाजूने जॅकवर उचला. दाराची फट बदलली किंवा दार नीट लागेनासं झालं, तर सिल गेलाय.

गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा टाकला की मध्ये ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा तुकडा वेल्ड करायचा, आतून प्रायमर आणि मेण. कापण्याआधी बॉडीला आतून आधार देऊन घ्या, नाहीतर दारं कायमची वाकडी लागतात. कोकणातल्या वाचकांना हात जोडून विनंती: पावसाळ्याआधी दारांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. फुकटचं काम आहे, दार वाचतं.

१४. आजोबांची गाडी चार वर्षं उभी आहे. बॅटरी लावून चालू करू?

थांबा. आधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग इंजिन हाताने फिरवा. फिरत असेल तर ऑइल बदला, टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, होज बदला (प्रश्न ११), कूलंट भरा, आणि मगच स्टार्टर. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का ते बॅटरी जोडण्याआधी बघा. चालू झाली म्हणून लगेच बाहेर काढायची नाही: ब्रेक पूर्ण खोलल्याशिवाय फाटक ओलांडू नका (प्रश्न ५).

१५. दुसऱ्या पद्मिनीचं इंजिन बसवलं. आरटीओत सांगावं लागतं का?

हो. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद करावी लागते. इंजिन घेताना बिल आणि आधीच्या गाडीचे कागद घ्या. नंबर खरवडलेलं इंजिन कितीही स्वस्त असो, हात लावू नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नूतन होते, तेव्हा गाडी तपासली जाते आणि नंबर जुळला नाही की सगळं अडतं. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो.

१६. माझी डिलाईट पन्नाशी ओलांडलेली आहे. व्हिंटेज नोंदणी करू का?

आधी ठरवा, ती चालवायची आहे की जपायची. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नोंदणी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुन्हा नोंदणी ५,००० रुपये. पण मग रोजच्या कामाला ती काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. शनिवारी भाजी आणायला गाडी नेणारे असाल तर साधी नोंदणीच नूतन करा. आणि इंजिन, बॉडीत मोठा बदल केलेला असेल तर हा मार्ग तसाही बंद होतो.

१७. काढलेले जुने भाग भंगारात देऊ का?

मास्टर सिलिंडर, वॉटर पंप, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, ब्रेक ड्रम, किंगपिनचा नकल, काचांच्या पट्ट्या, आरशाचे दांडे: यातलं काहीही देऊ नका. यांची बॉडी शाबूत असेल तर आतलं नव्याने बसवता येतं. ब्रेकचे रबर, फॅन बेल्ट, क्लच प्लेटची लायनिंग, पॉइंट हे टाकून द्या, म्हणजे चुकून पुन्हा बसवले जाणार नाहीत. ठेवायचे ते धुऊन, तेल लावून, जाड पिशवीत बांधा आणि आत चिठ्ठी टाका: कधी काढला, का काढला, कुठलं माप झिजलेलं होतं. आमच्या पोटमाळ्यावर वडिलांच्या अक्षरातली अशी एक चिठ्ठी आहे, १९९३ ची: 'डावा पुढचा ड्रम. एकदा टर्निंग केला आहे. आणखी एकदा चालेल.' गेल्या वर्षी तोच ड्रम पुन्हा टर्निंग करून (लेथवर आतून कातून) बसवला.